खजिनदाराने बसायचे कुठे?

काही वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेच्या नियमावलीचा मसुदा तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. तर्कशास्त्र शिकलेली व्यक्ती नियम नीट वाचते असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो, आणि तो दूर करण्याची घाई मीही कधी केलेली नाही. मसुदा जेमतेम चार पानांचा होता. त्यातले तीन नियम मला आजही पाठ आहेत. कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्याने खरेदी उपसमिती आणि तपासणी उपसमिती यांपैकी निदान एकीत काम केले पाहिजे, हा पहिला. खजिनदार खरेदी उपसमितीत नसावा, कारण माल ठरवणारा हात आणि पैसे चुकते करणारा हात एकच असू नये, हा दुसरा. खजिनदार तपासणी उपसमितीत नसावा, कारण स्वतःचे हिशेब स्वतःच तपासणे बरे नव्हे, हा तिसरा. तिन्ही नियम शहाण्या माणसांनी विचार करून घातलेले होते. मी ते वाचले, दोन ठिकाणी विरामचिन्हे सुधारली आणि ‘हरकत नाही’ असा शेरा मारून मसुदा परत केला.

पुढच्या वर्षी संस्थेने आणखी एक नियम जोडला. तोवर पैशांचे काम चिटणीसच सांभाळत असत आणि खजिनदाराचे पद कागदावर असले तरी कोणी भरलेले नव्हते. आता कार्यकारिणीतील एका सदस्याची खजिनदार म्हणून निवड करणे बंधनकारक झाले. हा चौथा नियमही माझ्या नजरेखालून गेला आणि त्यावरही मी हरकत घेतली नाही. निवड झाली, पहिली बैठक भरली, आणि नियमावली हातात घेऊन बसलेल्या नव्या खजिनदारांनी शांतपणे विचारले, ‘‘मॅडम, मग मी बसू कुठे?’’

मी समोरचा कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या. खजिनदार दोन्ही उपसमित्यांत असतील, तर दुसरा आणि तिसरा असे दोन नियम मोडतात. फक्त खरेदीत असतील, तर दुसरा मोडतो. फक्त तपासणीत असतील, तर तिसरा. कुठेच नसतील, तर पहिला. पाचवी शक्यता नाही. नियमावली विसंगत होती आणि ती तशी असल्याची बिनतोड सिद्धता चार ओळींत मावत होती. चौथी ओळ लिहून होईपर्यंत माझे कान तापले होते.

मराठीत विसंगती हा शब्द आपण बराच सैल हाताने वापरतो. माणसाच्या बोलण्यात आणि वागण्यात विसंगती असते, विनोद विसंगतीतून जन्मतो असे म्हणतात, पडद्यांचा रंग भिंतीला शोभला नाही तरी तो विसंगतच. आकारिक तर्कशास्त्रात या शब्दाला एकच, काटेकोर अर्थ आहे. काही विधाने एकाच वेळी, एकाच परिस्थितीत सगळीच्या सगळी खरी असू शकत असतील तर त्यांचा संच सुसंगत. तशी एकही परिस्थिती संभवत नसेल तर विसंगत. आपल्याकडे याला जवळचा असा वदतोव्याघात हा जुना शब्द आहे आणि ‘माझी आई वंध्या आहे’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. ते ऐकताच हसू येते, कारण दोष एकाच वाक्यात असतो आणि तो बोलणाऱ्याच्या तोंडूनच उघडा पडतो. प्रत्यक्षात छळणारी विसंगती अशी एका वाक्यात सापडत नाही. आमच्या चार नियमांपैकी कोणतेही दोन घ्या, त्यांचे उत्तम जमते. कोणतेही तीन घ्या, तरी जमते. चौघे एकत्र आले की घर मोडते.

याचा अर्थ असा की विसंगती हा कोणा एका विधानाचा गुण नाही, तो समुदायाचा गुण आहे. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण त्याचा खरा अनुभव त्या बैठकीत आला. गुन्हेगार कोण, यावर तिथे लगेच चर्चा सुरू झाली. बहुतेकांचे बोट चौथ्या नियमाकडे गेले, कारण तो सर्वांत शेवटी आला होता. तो येईपर्यंत सारे सुरळीत चालले होते ना? चिटणिसांचे म्हणणे पडले की पहिला नियमच अवाजवी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमांचे जनक समोरासमोर बसले होते आणि दोघेही आपापल्या नियमाचे कारण पुन्हा समजावून सांगत होते. तर्कशास्त्राला विचारले तर ते चौघांकडे सारख्याच नजरेने पाहते. चारांपैकी कोणताही एक काढा, उरलेले तीन सुसंगत होतात. काहीतरी सोडावे लागेल एवढेच तर्कशास्त्र ठामपणे सांगते. काय सोडायचे या प्रश्नावर ते गप्प असते.

चौथा नियम येईपर्यंत सारे सुरळीत होते, या म्हणण्यात तथ्य होते, मात्र ते वेगळ्या प्रकारचे. खजिनदारच नव्हता तोवर ‘खजिनदार खरेदी उपसमितीत नसावा’ हा नियम मोडणार तरी कोण होते? ज्याला लागू व्हावा असा कोणीच नाही, असा सर्वव्यापी नियम तर्कशास्त्रात आपोआप पाळला जातो. रिकाम्या खोलीतला प्रत्येक माणूस गाणे म्हणत असतो, या विधानाला खोटे पाडायचे तर गाणे न म्हणणारा एक तरी माणूस त्या खोलीतून बाहेर काढून दाखवावा लागेल. म्हणजे तोवर त्या नियमावलीची सुसंगती एका रिकाम्या खुर्चीने राखली होती. सुसंगतीची अट किती उदार आहे तेही यातून कळते. विधाने खरी असावीत अशी तिची अपेक्षा नसते, ती शहाणपणाची असावीत अशीही नसते. सगळी एकदम खरी ठरतील अशी एक परिस्थिती दाखवा, मग ती कितीही विचित्र असो, की काम झाले. अशा परिस्थितीला तर्कशास्त्रात प्रतिमान म्हणतात.

सुसंगती दाखवायला एक प्रतिमान पुरते आणि विसंगती दाखवायला एक व्याघात पुरतो, हे ऐकायला समतोल वाटते, पण दोन्ही कामे सारखी नाहीत. गृहीतकांपासून निघून नियमांनुसार पावले टाकत ‘क’ आणि ‘क नाही’ या दोन्ही विधानांपर्यंत कोणी पोहोचले, की प्रकरण तिथेच मिटते. तो कागद कोणालाही तपासता येतो आणि त्याला शेवटची ओळ असते. उलट, शोधूनही व्याघात सापडत नाही, यावरून काहीच मिटत नाही. तो पुढच्या पानावर असू शकतो. खजिनदारांच्या बाबतीत शक्यता चारच होत्या म्हणून मी एका दमात सगळ्या तपासल्या. होय-नाही अशा 10 गोष्टी असत्या तर सत्यता-कोष्टकाच्या, म्हणजे सगळ्या शक्यता एकाखाली एक मांडणाऱ्या तक्त्याच्या, ओळी 1024 झाल्या असत्या, 20 असत्या तर 10,48,576 आणि 30 असत्या तर शंभर कोटींच्या वर. त्याहीपुढे, जिथे विधाने नैसर्गिक संख्यांसारख्या अनंत गोष्टींविषयी बोलतात, तिथे अशा ओळी मांडून संपवणे हा पर्यायच उरत नाही.

बैठकीत मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘‘नियमच जर एकमेकांचे गळे धरत असतील, तर मग काहीही केले तरी चालेल.’’ सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण नकळत त्यांनी अभिजात, म्हणजे नेहमीच्या वापरातल्या, तर्कशास्त्रातले एक जुने आणि सर्वांत अस्वस्थ करणारे प्रमेय सांगून टाकले होते. व्याघातातून काहीही सिद्ध होते. त्याची सिद्धता इतकी छोटी आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला हातचलाखी वाटते. समजा, ‘खजिनदार खरेदी उपसमितीत आहेत’ आणि ‘खजिनदार खरेदी उपसमितीत नाहीत’ ही दोन्ही विधाने आपण मान्य केली. पहिले मान्य आहे, म्हणून ‘खजिनदार खरेदी उपसमितीत आहेत किंवा सात ही सम संख्या आहे’ हेही मान्य करावे लागते, कारण ‘किंवा’ने जोडलेल्या विधानाची एक बाजू खरी असली की पुरे. आता दुसरे मान्य विधान सांगते की खजिनदार खरेदी उपसमितीत नाहीत. विकल्पाची पहिली बाजू गळाली, दुसरी उरली. म्हणून सात ही सम संख्या आहे. साताच्या जागी वाटेल ते विधान ठेवा, युक्तिवादाचे काही बिघडत नाही.

विद्यार्थिदशेत ही सिद्धता पाहिली तेव्हा कोणीतरी खिसा कापल्यासारखे वाटले होते. मी कितीतरी दिवस ती उलटसुलट करून चूक शोधत होते. पहिले पाऊल निर्दोष, दुसरे निर्दोष, आणि निष्कर्ष हा असा. पुढे कळले की हा अस्वस्थपणा माझ्या एकटीचा नव्हता. पोलंडमध्ये यास्कोव्स्की यांनी 1948 मध्ये आणि ब्राझीलमध्ये दा कोस्ता यांनी 1963 च्या सुमारास अशी तर्कशास्त्रे मांडली की ज्यांत एखादा व्याघात शिरला तरी सारी इमारत कोसळत नाही. त्यांतली काही तर्कशास्त्रे वरच्या युक्तिवादातले शेवटचे पाऊलच नाकारतात. एक बाजू खोटी आहे म्हणून दुसरी खरी मानायची, हे पहिली बाजू खरी आणि खोटी अशी दोन्ही असू शकत नाही तेव्हाच शोभते. आणि इथे तर आपण ती दोन्ही मानली आहे. हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. तरी अशा तर्कशास्त्रात राहायला जायची माझी तयारी नाही. तिथे विसंगती सहन होते हे खरे, पण रोजच्या वापरातली काही साधी, विश्वासू अनुमाने दाराबाहेर ठेवावी लागतात आणि ती किंमत मला जड वाटते. अभिजात तर्कशास्त्रात व्याघात सगळे उद्ध्वस्त करतो, आणि म्हणूनच तो कोपऱ्यात दडून राहू शकत नाही.

तो कसा प्रकट होतो याचे गणिताच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांचे. सारे अंकगणित निव्वळ तर्कशास्त्राच्या नियमांतून उभे करायचे, या ध्यासाने त्यांनी अंकगणिताच्या मूलनियमांवरील आपल्या ग्रंथाचा पहिला खंड 1893 मध्ये काढला. दुसरा खंड छपाईत असताना, 16 जून 1902 या तारखेचे इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे पत्र त्यांच्या हाती आले. पत्र कौतुकाचे होते. फक्त एका ठिकाणी अडचण येते, असे त्यात लिहिले होते. स्वतःचे घटक नसलेल्या सगळ्या संचांचा एक संच करा. तो स्वतःचा घटक आहे का? असेल, तर नाही. नसेल, तर आहे. फ्रेगे यांनी सहाच दिवसांत उत्तर पाठवले. आपण हादरून गेलो आहोत, हे त्यांनी त्यात लपवले नाही.

मला या कथेतला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या बैठकीत झाले तेच तिथे झाले: गुन्हेगार शोधायचा होता. फ्रेगे यांचे बोट पाचव्या मूलनियमाकडे गेले, म्हणजे कोणत्याही गुणधर्मावरून संच बनवू देणाऱ्या नियमाकडे. वाद झालाच तर याच नियमावरून होईल, असे त्यांनी पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेतच म्हणून ठेवले होते. 1903 मध्ये निघालेल्या दुसऱ्या खंडाला त्यांनी परिशिष्ट जोडले आणि त्या नियमात दुरुस्ती सुचवली. ती दुरुस्तीही टिकली नाही. जगात निदान दोन वस्तू आहेत एवढे मानले की दुरुस्त नियमातूनही व्याघात निघतो. पुढे अनेक दशकांनी इतरांनी दाखवले की पाचवा नियम काढून त्या जागी संख्यांविषयीचे एक साधे तत्त्व ठेवले, दोन समूहांच्या घटकांची एकास एक जोडी लागत असेल तर त्यांची संख्या समान असे सांगणारे, तरी फ्रेगे यांचे बहुतेक अंकगणित वाचवता येते. हे तत्त्व त्यांच्या स्वतःच्याच लिखाणात होते. काय सोडावे हे त्यांना बरोबर कळले होते, पण त्याच्या जागी काय ठेवावे हे हातात असूनही दिसले नाही.

व्याघात न सापडण्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे आणि तिचा नायक साक्केरी नावाचा इटालियन धर्मगुरू आहे. रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते, हे युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे गृहीतक नाकारून पाहू, म्हणजे कुठेतरी व्याघात निघेल आणि ते गृहीतक आपोआप सिद्ध होईल, असा त्याचा बेत होता. 1733 मध्ये त्याने हे सारे प्रसिद्ध केले. एकामागून एक चमत्कारिक प्रमेये निघत गेली, पण ‘क’ आणि ‘क नाही’ असे समोरासमोर काही येईना. शेवटी हे निष्कर्ष सरळ रेषेच्या स्वभावालाच मानवत नाहीत, असे म्हणून त्याने पुस्तक मिटवले. विचित्र आणि विसंगत यांतला फरक इतक्या जवळून पाहून तो इतक्या थोडक्यात हुकलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. 1868 मध्ये गणिती बेल्ट्रामी यांनी युक्लिडच्याच भूमितीत त्या चमत्कारिक भूमितीचे प्रतिमान दाखवले: इथल्या रेषांना तिथल्या रेषा समजा, की सगळी गृहीतके खरी ठरतात. मात्र यातून सिद्ध झाले ते इतकेच की युक्लिडची भूमिती सुसंगत असेल तर ही नवी भूमितीही सुसंगत आहे. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी 1899 मध्ये युक्लिडच्या भूमितीची जबाबदारी संख्यांवर टाकली. म्हणजे जामीन राहायला प्रत्येक वेळी कोणीतरी दुसरा मिळत गेला, पण त्या दुसऱ्याला जामीन कोण?

म्हणून 1900 मध्ये पॅरिसच्या गणित परिषदेत हिल्बर्ट यांनी नव्या शतकासाठी प्रश्न मांडले, तेव्हा त्यांतला दुसरा प्रश्न अंकगणिताच्या सुसंगतीचा होता. सप्टेंबर 1930 मध्ये क्योनिग्जबर्ग येथे, आपल्याला कळलेच पाहिजे आणि कळेलच, असे हिल्बर्ट ठणकावून सांगत होते. त्याच्या आदल्याच दिवशी, त्याच शहरात, चोवीस वर्षांचे तर्कशास्त्रज्ञ कुर्ट ग्योडेल आपला पहिला अपूर्णता-निष्कर्ष, म्हणजे अशा सुसंगत तंत्रात काही खरी विधाने सिद्ध होतच नाहीत हा, एका चर्चेत जवळजवळ जाता जाता सांगून गेले होते. 1931 च्या त्यांच्या निबंधात दुसरा निष्कर्षही आला: साधे अंकगणित मांडता येईल इतपत समर्थ आणि ज्याची गृहीतके यांत्रिकपणे ओळखता येतात असे कोणतेही सिद्धांततंत्र सुसंगत असेल, तर स्वतःची सुसंगती त्याला आतून सिद्ध करता येत नाही.

खजिनदाराने स्वतःचे हिशेब स्वतः तपासू नयेत, हा तिसरा नियम मला यानंतर वेगळाच दिसू लागला. ग्योडेल यांच्या निष्कर्षाची खरी गंमत त्याच्या उलट बाजूला आहे. विसंगत तंत्रात काहीही सिद्ध होते, म्हणजे ‘मी सुसंगत आहे’ हेही सिद्ध होते. तेव्हा असे एखादे समर्थ तंत्र स्वतःच्या सुसंगतीचा दाखला आपल्याच सही-शिक्क्यानिशी देऊ लागले, तर ते विसंगत असल्याची तीच पक्की खूण. बाहेरून दाखला मिळू शकतो. 1936 मध्ये गेरहार्ड गेंट्झेन यांनी अंकगणिताची सुसंगती सिद्ध केली. पण त्यासाठी त्यांना साध्या गणिती विगमनाच्या, म्हणजे एका संख्येवरून पुढच्या संख्येवर जात सगळ्या संख्यांविषयी निष्कर्ष काढण्याच्या पद्धतीच्या, बरेच पलीकडे जाणारे विगमन वापरावे लागले, आणि ज्याला अंकगणिताचीच शंका आहे तो त्या विगमनावर विश्वास का ठेवील, हा प्रश्न रास्तच आहे. याहून विलक्षण गोष्ट अशी की अंकगणित सुसंगत आहे असे मानले, तर त्याला ‘अंकगणित विसंगत आहे’ हे खोटे विधान गृहीतक म्हणून जोडले तरी बनणारे नवे तंत्र सुसंगतच राहते. ते स्वतःविषयी खोटे बोलते, पण स्वतःच्या शब्दांत कधी सापडत नाही. सुसंगत आणि सत्य हे शब्द एका दमात वापरणाऱ्यांना मी हे उदाहरण ऐकवते. ते सहसा विषय बदलतात.

2011 मध्ये प्रिन्स्टनचे गणिती एडवर्ड नेल्सन यांनी अंकगणित विसंगत असल्याची सिद्धता आपल्याला सापडल्याचे जाहीर केले. टेरेन्स टाओ आणि आणखी एका गणितज्ञाने त्यातली उणीव स्वतंत्रपणे दाखवली आणि नेल्सन यांनी काही दिवसांतच आपला दावा मागे घेतला. त्या थोड्या दिवसांत मला काय वाटले होते ते मी नीट आठवून पाहिले आहे. भीती अशी वाटली नाही. दावा खरा निघाला असता तरी दोन अधिक दोन चारच राहिले असते, आणि माणसांनी गृहीतकांची यादी पुढ्यात घेऊन काय सोडायचे यावर वाद घातला असता. फ्रेगे यांनी घातला तसा, आणि एका छोट्या संस्थेच्या दहा-बारा माणसांनी घातला तसा.

त्या संस्थेने शेवटी पहिला नियम बदलला. ‘खजिनदार वगळता’ एवढे दोन शब्द त्यात शिरले, आणि ते माझ्या तर्काने शिरले नाहीत. पैशांची दोन कुंपणे काढणे कोणालाच नको होते म्हणून शिरले. या वेळी मी नुसता मसुदा वाचून शेरा मारला नाही. मागच्या कोऱ्या पानावर एक कोष्टक आखले, पाच काल्पनिक सदस्य एकाखाली एक लिहिले, पुढे खरेदी आणि तपासणी असे दोन रकाने काढले आणि प्रत्येकापुढे खुणा करून चारही नियम एकेक करून पडताळले. चार सदस्यांपुढे कुठे ना कुठे खूण पडली. खजिनदारापुढचे दोन्ही रकाने रिकामे होते, आणि त्या कोष्टकाखाली मी सही केली.